नापास ट्रॅक्टर

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे आठांपैकी काही अंगं जमिनीपर्यंत पोचत नाहीत, ती मनाने टेकवली आहेत असं समजून घ्यावं.) तुझे गुडघे, भावोजींची साखर आणि तुमच्या गच्चीची गळती यांपैकी काय काय आटोक्यात आलं ते सविस्तर कळव. इकडे आम्ही सर्व आपापल्या जागी आहोत.

आता मूळ मुद्दा. मला तुझ्याविरुद्ध रीतसर तक्रार गुदरायची आहे. गेल्या पत्रात तू विचारलंस, ‘मी पाठवलेलं ते खेळणं बाबांना आवडलं का?’ ताई, तुझी पत्रं मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवतो, हे तुला ठाऊक असताना तू हा शब्द लिहावास? तो पुढे दिसला तेव्हा मी सावध झालो होतो, पण जिभेला ब्रेक नसतात. ‘खेळणं’ ऐकताच बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडे अशा नजरेने पाहिलं की मी तुझ्या वतीने दिलगिरी व्यक्त करून मोकळा झालो. यापुढे ‘यंत्र’ म्हणावं. अगदीच जड वाटलं तर ‘नमुना’ चालेल. खोक्यावर ‘नऊ वर्षांवरील मुलांसाठी’ असं छापलेलं आहे. बाबा त्यात बसतात. माझ्याविषयी त्यांना शंका आहे.

हे यंत्र घरात कसं रुजलं ते सांगतो, म्हणजे अपराधाची खोली लक्षात येईल. अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबांची वाचा परतली, पाय बऱ्यापैकी परतले, उजवा हात तेवढा नव्या पाहुण्यासारखा संकोचून मांडीवर बसून असतो. व्यायाम शिकवायला एक बाई येतात. त्यांनी दाबायला रबरी चेंडू दिला, तो बाबांनी डाव्या हाताने फिरवून पाहिला आणि एका बाजूला चपटा आहे म्हणून परत केला. बाई नव्या, त्यांना काय ठाऊक, की ज्या माणसाने उभी हयात ट्रॅक्टरच्या कारखान्यात शेवटच्या फाटकापाशी तपासनीस म्हणून काढली, ज्याने लाल खडूने फुली मारली की धडधाकट ट्रॅक्टर मान खाली घालून परत आत जायचा, त्याला चपटा चेंडू देऊ नये. नोकरी सुटते, नजर सुटत नाही. आपल्या फ्रिजचं दार, समोरच्या घड्याळजीचं भिंतीवरचं घड्याळ आणि माझी संस्कृतची पदवी ही सगळी त्यांनी नापास केलेली तू पाहिली आहेसच. (पदवीबद्दल त्यांचा आक्षेप एवढाच होता, की हिच्यावर लोड दिला तर काय होतं ते कोणी तपासलेलं नाही.) पण दवाखान्यातून आल्यावर ती नजरच मालवल्यासारखी झाली. तुझ्या भावजयीने एकदा भाजीत मीठ घालायचं विसरून पाहिलं, म्हणजे मुद्दामच. बाबा मुकाट जेवले. अळणी भाजीवर गप्प बसलेले बाबा म्हणजे काय, हे तुला वेगळं सांगायला नको. डॉक्टर म्हणाले, हात येईल सावकाश, पण माणसाच्या मनाने काहीतरी धरून ठेवायला हवं, नाहीतर बाकीचं येऊन उपयोग नाही. त्याच आठवड्यात तुझं ते जोडायच्या ठोकळ्यांचं आणि गिअरांचं खोकं आलं.

बरोबर आलेल्या पुस्तिकेतला ट्रॅक्टर मी एका दुपारी जोडला आणि बाबांपुढे ठेवला. दिसायला देखणा, पण आतून पोकळ. आमच्या कॉलेजातल्या काही व्याख्यानांसारखा. बाबांनी पाहिलं न पाहिलं केलं. शेवटी म्हणाले, ‘सुकाणू फिरत नाही.’ बस, एवढंच. पण घरी आल्यापासून त्यांनी काढलेला तो पहिला दोष होता! तुझी भावजय स्वयंपाकघरातून हातातलं लाटणं घेऊन बाहेर आली आणि आम्ही दोघं, शुभवार्ता ऐकल्यासारखे, एकमेकांकडे पाहत उभे राहिलो.

तिथून मी सुकाणूच्या मागे लागलो. दात्यांची एक पट्टी आडवी बसवायची, तिच्यावर लहान गिअर ठेवायचा, गिअर फिरला की पट्टी सरकते आणि पट्टी चाकांना वळवते; इतकं सोपं. मी पट्टी पुढच्या आसाच्या मागे बसवण्याऐवजी पुढे बसवली. सुकाणू डावीकडे फिरवलं की गाडी उजवीकडे. बाबांनी विचारलं, ‘मास्तर, याचा चालक आरशात बघून चालवतो का?’ आणि असं म्हणताना त्यांनी उजव्या हाताची बोटं सुकाणूवर ठेवली होती, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. त्या क्षणी मला जो बोध झाला तो गुरुगृही कैक वर्षं राहून झाला नव्हता: बाबांना व्यायाम सांगायचा नाही, तपासायला द्यायचं.

मग काय विचारतेस. पुढचा आस मधोमध एका खिळीवर डुलता ठेवला, कारण आधीच्या ताठ आसावर बाबांनी माझा व्याकरणाचा ग्रंथ एका चाकाखाली सरकवला होता आणि दुसरं चाक हवेत लोंबकळलं होतं. (‘हा टेबलावरचा ट्रॅक्टर झाला. शेतात टेबल नसतं.’) मागे नांगर उचलायची लिफ्ट केली. ती बटाटा उचलायची आणि चार बोटं वर गेल्यावर माझ्या चहात सोडायची. तेव्हा बाबांनी सांगितलं, इथे मळसूत्री गिअर घाल. तो दुसऱ्याला फिरवतो, पण दुसऱ्याने कितीही जोर केला तरी स्वतः फिरत नाही, म्हणून भार आहे तिथेच थांबतो. (आपल्या घरात हे स्थान पूर्वी कोणाचं होतं आणि आता कोणाचं आहे, हे मी लिहीत नाही, पत्र तुझी भावजय टपालात टाकणार आहे.) मग ब्रेकला दोन पायपट्ट्या झाल्या, डाव्या चाकाला वेगळी, उजव्याला वेगळी, कारण शेताच्या कडेला वळताना एक मागचं चाक धरून ठेवावं लागतं म्हणे. मग इंजिनात वर-खाली होणारे पिस्टन. अंधपंगुन्याय म्हणतात तो असा: पाहणारा एक, हात दुसऱ्याचे, आणि दोघांचा मिळून एकच प्रवास. तो मी वर्गात इतकी वर्षं शिकवला, पण आंधळा आपण असू असं कधी वाटलं नव्हतं.

गंमत पुढेच आहे. एके दिवशी माझ्या हातून ट्रॅक्टर बिनचूक झाला. (कसा, ते विचारू नकोस. लाकूड कुरतडताना किड्याच्या हातून कधी अक्षर उमटतं, तसा.) बाबांनी सगळं फिरवून पाहिलं, ठीक म्हणाले, ट्रॅक्टर बाजूला ठेवला आणि संध्याकाळभर खिडकीबाहेर बघत बसले. हात परत मांडीवर. जेवताना तुझी भावजय मला हळूच म्हणाली, ‘उद्या काहीतरी बिघडवा.’

तेव्हापासून मी दोष पेरतो. बिनचूक यंत्र रचणं हे तपच, पण त्यात सापडेल पण लगेच सापडणार नाही असा दोष ठेवणं, ही त्यापुढची सिद्धी. एक पिस्टन उलटा चालवला, तो बाबांनी आवाजावरून पकडला. डाव्या ब्रेकची पट्टी उजव्या चाकाला जोडली. त्याबद्दल माझ्या संपूर्ण शिक्षणाचा उद्धार झाला. लिफ्ट मुद्दाम जड केली, म्हणजे कळ दाबायला बोटांना जोर लागावा. तर व्यायामाच्या बाईंनी मनगट तपासून मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, हे जे काय चालवलंय ते थांबवू नका. एखाद्या सकाळी बाबा अंघोळीआधीच टेबलापाशी येऊन बसलेले असतात. भाजीत मीठ कमी पडलं तर पूर्वीसारखे बोलतात. तुझी भावजय ते ऐकून इतकी सुखावते की मीठ घालायला विसरते. एकूण, घर नापासांनी भरलं आहे आणि आम्ही आनंदात आहोत, असं भावोजींना कळव.

थोरांना नमस्कार पोचवावेत, धाकट्यांना आशीर्वाद वाटून टाकावेत, आणि उरतील ते तू घ्यावेस.

तुझा, तूच ठेवलेल्या नावाचा,
शास्त्रीबुवा

ता. क. जमल्यास आणखी एक खोकं पाठव. लांब दांडे आणि लहान गिअर संपत आले आहेत. खोक्यावरच्या पट्टीत ‘यंत्रभाग’ असं लिहावं, बाबा वाचतात.

ता. क. वरचं रद्द समज. दांडे भरपूर आहेत. मला पत्र कसं संपवावं ते कळत नव्हतं, म्हणून तो मजकूर लिहिला.

काल मी मागच्या मोठ्या चाकांची अदलाबदल केली, डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. त्या टायरांवर तिरप्या पट्ट्या असतात, बाणासारख्या. ट्रॅक्टरकडे मागून पाहिलं तर बाणांची टोकं वर हवीत, नाहीतर चिखलात चाक जमीन धरत नाही. माझी टोकं खाली होती. मी या वेळी काही लपवलं नव्हतं. रस्त्याने जाता जाता दिसावं असलं ठळक काहीतरी द्यावं, बाबा मनसोक्त हसतील, एवढाच विचार होता. त्यांनी ट्रॅक्टर हातात घेतला. बटाटा उचलला, दोन्ही ब्रेक दाबले, मग वळवून मागून पाहिला. चांगला वेळ पाहिला. आणि म्हणाले, ‘छान केलंयस.’

मला त्यांनी हे आजवर कधी म्हटलेलं नाही, ताई. तुझी भावजय आत गेली.

त्यांना ते दिसलंच नाही, की दिसलं आणि त्यांनी मला सोडून दिलं, हे मला कळत नाही. दिसलं नसेल तर डॉक्टर आहेत. पण बाबांनी दोष पाहून सोडून दिला असेल, तर कोणाकडे जायचं? विचारायचा धीर होत नाही. तुला विचारता येईल; तुझ्यापुढे ते खोटं बोलत नाहीत. गुडघ्यांना त्रास देऊन का होईना, या रविवारच्या आत ये. मला भीती वाटते गं.