वीस झाले की पुन्हा एक

माय, तुह्या पायावर लटारूचं डोकं.

मुखरूभाऊचं आपरेशन झालं. लिव्हरमधला पू काढला. डॉक्टर चांगला माणूस हाय, तू रडू नोको.

एक चूक झाली मात्र. गुंगीच्या औषधाची एकच शिशी उरली होती, म्हणून नाकावरल्या फडक्यावर थेंब थेंब टाकत होते. भाऊले मोजायले लावलं. मोजणं चुकलं का माणूस झोपला, असं समजतेत. आपण तलावावर वीस मासोळ्या झाल्या का एक खडा ठेवून पुन्हा एकपासून मोजतो ना, भाऊनं तसंच केलं. डॉक्टरले वाटलं, मोजणं चुकलं, भूल चढली. चाकू लावला. मी दाराबाहेर सारं आयकत होतो, माय. भाऊची बोंब अजून कानातून जात नाई.

आता ताप हाय. तापातही मोजत राह्यते. वीस झाले का खड्यासाठी हात पुढं करते. मी दवाखान्याच्या आंगणातून खडे वेचून आणले, एकेक देतो.

गिरजावहिनी जेवते ना? तिले बोंबेचं सांगू नोको. जाळं उन्हात टाक.

काल भाऊ वीसपर्यंत जात होता. आज सकाळपासून बारावरच थांबते. खडा माह्याच हातात हाय.

तुहा लटारू