टोक हललं का?

४ नोव्हेंबर, मंगळवार

म्हाताऱ्यानं गळ मागवला! नुसता गळ नाही — काठी, चाक, दोरा, शिसं, सगळा संसार. हे लांबलचक खोकं आलं. मला वाटलं, सुनेनं पडद्याचा दांडा मागवला. उघडलं तर हे!

अन् जायचं कुठं? समुद्रावर. इंद्रायणी दारात आहे, पण तिच्यात आता जलपर्णी अन् फेस. "फेसात काय मासा गावतोय व्हय? साबण गावंल," म्हणतो. खरं बोलतो म्हणून जास्त राग येतो.

हे मी फोनला सांगते. नात प्रेरणानं करून दिलंय — माइकचं चित्र दाबायचं, बोलायचं, तो लिहून घेतो. "आज्जी, शाळेतल्या बाईंसारखं बोल, मग त्याला नीट कळतं." मी शाळा बाहेरूनच बघितली. पण शेळ्या वळताना बाईंचा आवाज यायचा, तसं बोलते. मला वाचता येत नाही हे एक बरं. काल काय बोलले, त्याची आज लाज नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

डोळे! गौरीगणपतीपासून कानीकपाळी ओरडते, मोतीबिंदू पिकलाय, डॉक्टरकडं चला. माझा नाही काढला? चौथ्या दिवशी सुईत दोरा ओवला मी. हा काय म्हणतो — "आदी समुद्राचा मासा. मासा गावला की तू म्हणशील तितं येतो."

परवा चहा बशीच्या बाहेर ओतला. वर म्हणतो, बशी हलली!

आता हा आंधळा व्हायच्या आत समुद्रात मासा गावला पाहिजे. माझ्या नशिबाला हेच राहिलं होतं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

अंगणात शिकवणी चालू. फोनमधला एक माणूस शिकवतो, टोपीवाला. "फेकण्याआधी मागे कोण उभं आहे ते बघा." म्हाताऱ्यानं बघितलं नाही. दोरीवरची माझी हिरवी साडी गेली की वर! कुंपणावर जाऊन बसली.

"बघितलं का न्हाई मागं?"

"बघितलं की."

"मग साडी दिसली न्हाई? एवढी हिरवी?"

"झाड वाटलं."

घ्या! पन्नास-साठ वर्षं संसार केला, आता झाड वाटते मी.

८ नोव्हेंबर

आज शेजारच्या चिमाबाईच्या तुळशीत गळ. ती बोलायची बंद झाली. तेवढंच एक बरं झालं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

उद्या निघायचं. आमचा मुलगा हनुमंत नवलाख उंबरे गावच्या कंपनीत आहे, त्याची सुट्टी गुरुवारची. अन् गुरुवारी आमच्या घरात मासा शिजत नाही! सूनबाई म्हणाली, मामंजी, मासा आणलात तरी तव्यावर जायचा नाही. म्हातारा तोंड पाडून बसला. शेवटी मीच म्हटलं, घाटाखाली गुरुवार लागत नाही. तिथंच खायचा. कुणी विचारलं तर मी सांगितलं म्हणा.

दुपारभर कणीक मळली त्यानं. पेंड घातली, हिंग घातला, बोराएवढे गोळे वळले. नदीत ह्याच गोळ्यांवर त्यानं मरळ काढल्यात म्हणे. मी बघितल्या नाहीत. मला चुलीजवळ फक्त वास यायचा हिंगाचा.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

हात जोडले!

उर्शाचा टोलनाका, घाट, खोपोली, पेण — हनुमंतानं गाडी अशी हाणली की माझे मणके अजून मोजून घ्यायचेत. बाराच्या सुमाराला धक्क्यावर पोचलो. धक्का म्हणजे दगडी ओटा, समुद्रात गेलेला. फक्त समुद्र नव्हता! खाली चिखल. होड्या आडव्या पडलेल्या, दुपारची वामकुक्षी घेतल्यासारख्या. म्हातारा काठी घेऊन उभा — "आगं, पानी कुटं गेलं?"

धक्क्यावर एक कोळीण जाळं शिवत होती. रतनबाई. हसून हसून सुई टोचून घेतली बाईनं. "ओहोटी हाय, आजोबा! पानी बगून येवाचा. तुमी काय बगून आलाव?"

"गुरुवार बघून," मी म्हटलं.

आमच्या नदीला पाणी कमी होतं, जास्त होतं, पण जेवणाच्या वेळेला उठून जात नाही. आम्हाला काय ठाऊक! चार वाजता समुद्र परत आला, कुणी काही विचारलंच नाही असं तोंड करून. म्हाताऱ्यानं कणकेचा गोळा लावून फेकला. वर काढला — गळ चकचकीत, गोळा गायब. पुन्हा फेकला, पुन्हा तेच. खाऱ्या पाण्यात विरघळतो म्हणे. दुपारभर मळलेली कणीक समुद्राला खाऊ घातली, हिंगासकट. रतनबाईनं आपल्या टोपलीतली कोळंबी दिली. "हीच लागते हितं. अन् धक्क्याच्या धारंला जाऊ नको आजोबा, हिरवा शेवाळ हाय, बुळबुळीत."

सगळ्यात वैताग दुसराच. टोपीवाला म्हणाला होता, काठीच्या टोकावर नजर ठेवा. टोक हललं की मासा. म्हाताऱ्यानं मला शेजारी बसवलं अन् सुरू — "टोक हललं का?" न्हाई. "आता?" न्हाई. "आता हललं का गं?" शेवटी मी म्हटलं, डोळं काय घरी फळीवर ठिवून आलाव?

हसला. नुसता हसला. एरवी उलटं बोलल्याशिवाय राहत नाही.

मासा नाही. म्हणजे डॉक्टरही नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

चाक अडकलं! फिरेना. गंज चढला, वर मिठाची पांढरी पूड. प्रेरणा फोनवर ओरडली, "आज्जी, आल्यावर गोड्या पाण्यानं धुतलं नाहीत?" आता काय सांगू पोरीला! पाण्यातून काढलेली वस्तू पाण्यानं कोण धुतं? इंद्रायणीतून आलेली काठी आम्ही भिंतीला टेकवायचो, झालं.

हनुमंतानं मशीनचं तेल सोडलं. म्हातारा चाक मांडीवर घेऊन बसला. सगळे स्क्रू चाचपून चाचपून काढले, बोटांनीच परत बसवले. मी दिवा लावायला गेले तर म्हणतो, राहू दे, वीज जळते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

घरात भांडण. रतनबाईनं सांगितलंय, अमावास्येला या, भर दुपारी पाणी धक्क्याला लागतं. गुरुवारीच अमावास्या आहे. सूनबाई म्हणते, अमावास्येला गाडी बाहेर काढायची? अन् दुसऱ्याच दिवसापासून मार्गशीर्ष. मग महिनाभर माशाचं नाव काढायचं नाही. म्हणजे परवा नाही, तर डोळे गेले पार पौषावर!

मी बोलले, गाडीला लिंबू-मिरची बांधा अन् चला. अमावास्येला काय व्हायचं ते मला होऊ दे. ह्याच्या मागं लागून माझं निम्मं झालंच आहे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

गावला! गावला! गावला!

पाणी असं भरलेलं की धक्क्याच्या दगडांना चापट्या मारत होतं. कोळंबी लावली. फेकण्याआधी ह्यानं मोठ्यानं विचारलं, "मागं कोन हाय का?" मी म्हटलं, मीच हाय, झाड न्हाई. रतनबाईनं त्याचं बोट धरून दोऱ्यावर ठेवलं — "हितं धर. मासा बोटाला सांगतो."

मग परत सुरू! "टोक हललं का?" मी होड्या बघत होते. लाल, निळ्या, एकीला माझं नाव — म्हणजे रतनबाईनं वाचून दाखवलं. "न्हाई हललं," मी म्हटलं. अन् हा एकदम उठला, "हललंय!" अन् झटका. टोक बघितलं नाही, काही नाही. तोंड तर माझ्याकडं होतं!

शिंगाळा आला. हातभर, मिशीवाला, आमच्या व्याह्यासारखा. म्हातारा धरायला गेला तर रतनबाई किंचाळली, "हात नको! काटा मारील!" मी पदरच टाकला माशावर. नवीन साडी. असू दे. तिच्याच चुलीवर तिनं कालवण केलं, तिथंच खाल्लं. घाटाखाली गुरुवार लागला नाही.

एकच राग राहिला. बोटाला कळत होतं, तर दिवसभर माझं डोकं का खाल्लं?

चाक गोड्या पाण्यानं धुतलं. मीच. शनिवारी डॉक्टर. शब्द दिलाय त्यानं!

२२ नोव्हेंबर, शनिवार

नेसून, पिशवी भरून दारात उभी राहिले. म्हातारा उठेना. "बस जरा," म्हणाला. श्रावणातच डॉक्टरकडं जाऊन आलाय तो, हनुमंताला घेऊन. मोतीबिंदू नाही. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली थेंबांवर, राहील तेवढी राहील. मला सांगायचं नाही असं दोघांचं ठरलेलं. "नजर गेल्यावर मासा गावतो का, तेवढंच बघायचं हुतं."

मी पिशवी खाली ठेवली. माळ्यावरून बैलांची घुंगरमाळ काढली, एक घुंगरू सोडवलं, काठीच्या टोकाला बांधलं.

आत्ता मी चुलीपाशी आहे. तो अंगणात काठी हलवतोय. मी आतून ओरडले — हललं!