परवान्यात दुमडलेली नोट

आरिका, रविवार

आई, आशीर्वाद दे.

मी सुखरूप आहे. इकडे चिलीत अंधार पडल्यावरही एकटा चालत खोलीवर येतो आणि पाकीट खिशातच राहतं. तुझा गुडघा कसा आहे?

मला पोलिसांनी धरलं होतं, हे तिकडे ताक्नात तुझ्या कानावर आलंच असेल. खरं काय ते माझ्याकडून ऐक. ऑलिव्हची गाडी नेताना पोलिसाने थांबवलं. सीमेपलीकडे आपल्या पेरूत देतात तशी मी परवान्यात नोट दुमडून दिली.

"हे काय?"

"साहेब, थंड काहीतरी प्या."

झालं, सरळ बेड्या! अगं, मागचा दिवा गेलाय, एवढंच सांगायला थांबवलं होतं त्याने!

कोठडीत डोकं नुसतं भणभणत होतं. राग त्याचा नाही आला. ही सवय मला लावली कुणी? नोट कशी दुमडायची ते बाबांनी शिकवलं, बुटाची नाडी बांधायला शिकवावं तितक्या मायेने. आणि आता त्याच बाबांच्या माघारी त्यांच्या पेन्शनच्या फायलीवर तो कारकून बसलाय, "माझ्या जेवणाचं बघा" म्हणतोय! विधवेच्या ताटातलं ओरपायला लाज नाही हरामखोराला!

दंड भरून सुटलो, नोकरी टिकली. जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

टॅक्सीवाल्या एलियासबरोबर हे पाठवतोय. आत त्या कारकुनासाठी नोट आहे. मीच दुमडून ठेवलीय. निदान तुझ्या हाताला तरी ते शिकावं लागू नये.

तुझा,
रोमुलो