रचलेल्या खुर्च्यांचं सभागृह

३ मार्च, सोमवार
कॉन्सेप्ट सुचली. बाजारातल्या बायकांसाठी सभागृह, प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकावर एक रचल्यासारखं. कुमासी शहरात अर्धा जन्म खुर्च्या-मांडव भाड्याने देण्यात गेला, आता पन्नाशीनंतर कॉलेजात आर्किटेक्चर शिकतोय. माझ्याइतकी खुर्ची कोणाला कळणार? वर्गातली पोरं थक्क होतील. घरी जेवायला बोलावतील.

५ मार्च, बुधवार
आम्हाला डिझाइन शिकवणाऱ्या पोकुआ मॅडमना स्केच दाखवलं. म्हणाल्या, खुर्ची मोठी केली की इमारत होते का हो? उद्या कोणी कढई मोठी करेल आणि म्हणेल, घ्या हॉटेल! पोरं हसली. मीही हसलो, सगळ्यांत मोठ्याने.
मॅडमना आवडलीय. पचायला वेळ लागेल.

९ मार्च, रविवार
फुफू खावंसं वाटलं, उकडलेले कंद कुटून केलेला ताजा गोळा. एकट्याने कुटता येत नाही. एकाने मुसळ मारायचं, दुसऱ्याने उखळातला गोळा उलटवायचा. बायको लेकीच्या बाळंतपणाला अक्राला गेली ती तिकडचीच झाली. बाळ आता पळतं म्हणे. पाकिटातलं पीठ ढवळून खाल्लं. उद्यापासून पोरांत मिसळायचं. ठरलं.

१० मार्च, सोमवार
मिसळलो. मी बाकावर बसलो तशी सगळ्यांना कामं आठवली.
नंतर खांबाआडून ऐकलं. कान अजून तिखट आहेत. वर्गातली केझिया म्हणत होती (मामा म्हणजे मी), अरे, मामांना कोण सांगणार, रचलेल्या खुर्च्या म्हणजे कार्यक्रम संपला, माणसं गेली!
झोंबलं. दिवसभर शंकाच शंका. संध्याकाळी तोडगा निघाला: रचायच्या नाहीत, मांडायच्या. परीक्षेला परीक्षक येतील त्या दिवशी कॉलेजच्या पटांगणात खऱ्याच खुर्च्या. माणसं बसली की सभागृह आपोआप दिसेल.

१४ मार्च, शुक्रवार
जगातले सगळे मोठे आर्किटेक्ट काळं घालतात. फोटोंत पाहिलं. काळा शर्ट शिवायला टाकला. बॅनरही टाकला: माझा भलामोठा फोटो, खाली जन्मसाल. डिझायनरची ओळख नको? छापणारा विचारतो, साहेब, दुसरं साल टाकायचं राहिलं ना?
गावंढळ.

२० मार्च, गुरुवार
विजेचा घोळ, कोणाचेच प्रिंट निघेनात. परीक्षा उद्याऐवजी शनिवारी. इथे मयताचे कार्यक्रम शनिवारीच, माझ्या सगळ्या खुर्च्या तिकडे जातात, गिऱ्हाइकं ओरडली, तरी एक लॉट मागे ठेवला. कलेसाठी एवढं करावं लागतं.

२२ मार्च, शनिवार
सकाळी मांडव, खुर्च्या, बॅनर आणि काळ्या शर्टात मी. वर्गातलं कोणी फिरकलं नाही. आपापल्या मॉडेलपाशी सगळे. रिकाम्या खुर्च्या फार पांढऱ्या दिसतात, हे आजच कळलं.
मग रस्त्यावर बस थांबली. काळ्या-लाल सुतकी कपड्यांतल्या चर्चच्या बायका, त्यांच्या सेक्रेटरीच्या सासऱ्यांच्या मयताचा मांडव शोधत आलेल्या. उतरल्या त्या थेट आत. रिवाजाप्रमाणे उजव्या टोकापासून बसलेल्यांचा हात हातात घेत निघाल्या. बसलेला मी एकटाच. प्रत्येकीने माझाच हात धरला, मग खुर्ची घेतली.
एक आजीबाई बॅनर बघून म्हणाल्या, अगं बाई, अगदी तुझ्यासारखेच रे! थोरले भाऊ? मी 'हं' म्हणालो. 'हं' म्हणजे काही खोटं नव्हे. त्या म्हणाल्या, रड बाबा, पोटात ठेवू नकोस.
रडलो. कॉन्सेप्टमध्ये तेवढा जोर आहे.
बॅनरसमोर उभं राहून बायका गाऊ लागल्या, तेवढ्यात परीक्षकांना घेऊन पोकुआ मॅडम आल्या. थबकल्या. हात धरला, क्षणभर बसल्या, कुजबुजल्या, आधी कळवायचं नाही का हो? अशा दिवशी कसली परीक्षा! आणि मंडळी पाय न वाजवता केझियाच्या मॉडेलकडे गेली.

२३ मार्च, रविवार
मॅडमचा मेसेज. दुःख ओसरलं की या, पुढच्या सत्रात नव्याने सुरू करा. खुर्ची मात्र नको.
म्हणजे नापास. पण कॉन्सेप्ट फसली असं कोणी म्हणू शकणार नाही. काल सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या.
बस हॉर्न मारून दमली तरी आजीबाई शेजारी बसून होत्या, माझा हात धरून. मनात येत होतं, सांगून टाकावं, आजी, कोणी गेलेलं नाही.
नाही सांगितलं. उठून गेल्या असत्या.