कल्ल्याचा रंग

बुधवार, संध्याकाळ. वेसावे.

आई दुपारपासून भडकलेली आहे. माझ्यावरही, आणि मी तर काही केलंच नव्हतं.

सकाळी माझा भाऊ नितेश दोन महागडे फोन घेऊन बसला, एक त्याचा, एक मित्राचा. कॅमेरा कुणाचा भारी? समोर कालची बर्फातली सुरमई होती, ताजेपणी लाल असणारा कल्ला तपकिरी पडलेला. मित्राच्या फोनमध्ये तो तपकिरीच आला. नितेशच्या फोनमध्ये लालभडक, जशी काही सुरमई आत्ताच होडीतून उतरवली. "झकास ना?" म्हणाला आणि तोच फोटो आईच्या मासळीच्या गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर टाकला. लगेच टॉवरमधल्या काकूंची ऑर्डर आली. आईला सांगावं असं मला का वाटलं नाही?

दुपारी सुरमई पोचवायला गेल्यावर काकूंच्या दारात आईने सवयीने कल्ला उचलून दाखवला. काकूंनी मोबाइलवरचा फोटो पुढे धरला. आमच्या जन्माआधीपासूनचं गिऱ्हाईक! त्यांनी आईच्या तोंडावर दार लावून घेतलं.

नितेशचं एकच, रंग फोन आपोआप चढवतो, माझी काय चूक?

आत्ता आईने तो फोन त्याच्या हातात ठेवला. "घे, माझा फोटू काढ. बघू दे, मी किती ताजी दिसते."

आणि खरंच ट्यूबलाइटखाली जाऊन उभी राहिली. अजून उभीच आहे.