फुलपात्र न विसळणारी बाई

आई, काल भावाच्या सुनेनं मला दारात बोलावलं. तुझ्या दोन खोल्यांच्या आता सहा झाल्यात. गिऱ्हाईक मोबाईलवरून येतं, आधार कार्डाचा फोटो आधी येतो आणि माणूस मागून. तरी दारात उभ्या जोडप्याकडं बघून ती माझ्या कानाशी लागली, "आत्या, तुम्ही सांगा, द्यायची का खोली? तुमची नजर आजींवर गेलीय म्हणतात सगळे." मी "दे" म्हणाले आणि आत येऊन बसले. तेव्हापासून कशात लक्ष लागत नाही. तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मी वही घेऊन बसलेय. तू असतीस तर म्हणाली असतीस, मास्तरकी सुटली तरी हिची कागद नासायची खोड काही जात नाही.

शिर्डीला दर्शनाला येणाऱ्यांना तू एक-दोन दिवसांसाठी खोली द्यायचीस, पण कुणाला नाव-गाव धड विचारायची नाहीस. देवाच्या दारी आलेल्याच्या काय चौकशा करायच्या, असं तुझं म्हणणं. मात्र किल्ली देण्याआधी त्याला ओसरीवर बसवून पुढं तांब्या-फुलपात्र ठेवायचीस आणि चुलीपाशी बसल्या बसल्या बघत राहायचीस. बायकोला आधी पाणी देतो की स्वतःच घटाघटा पितो, आणि मुख्य म्हणजे पिऊन झाल्यावर फुलपात्र विसळून पालथं घालतो की तसंच सरकवून देतो. विसळलं तर माणूस चांगल्या घरचा. एकदा एका कोटवाल्या साहेबाला तू तेवढ्यावरून वाटेला लावलंस आणि दुसऱ्या दिवशी कळलं की तो पलीकडच्या घरातल्या समया घेऊन पसार झाला. मग काय, गल्लीत तुझा शब्द म्हणजे शब्द झाला. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. मला वाटायचं, ही विद्या आता माझ्याही अंगात उतरलीय. दीडशहाणी होते मी.

ते दुष्काळाचं साल. पार पाथर्डी-शेवगावाकडं माणसं खडी फोडायला लागली होती, पण पाटामुळं आपला आड काही आटला नव्हता. चैत्रातली सकाळ सरत आलेली, ऊन आत्ताच अंग भाजतंय. तू आत पाठमोरी भाकरी थापतेयस आणि ओसरीवर मी तांदूळ निवडत बसलेय. एक बाई येते. खांद्यावर पाच-सहा वर्षांची पोर, पोरीच्या डोक्यावरून पदर ओढलेला. लुगडं विटकं, पण स्वच्छ. "माय, एका दिसापुरती खोली मिळंल का? दर्शन करून उद्याच्या गाडीनं जाती." बोलण्यावरून तिकडची, पाथर्डीकडची. मी पाणी देते. ती आधी पोरीला पाजते, मग स्वतः पिते आणि फुलपात्रात उरलेले दोन घोट पिशवीतल्या बाटलीत ओतून घेते. एक थेंब सांडू देत नाही. फुलपात्र विसळत नाही, तसंच माझ्या हातात देते.

मी आत आले. "आई, हिचं काय खरं न्हाई. फुलपात्र विसळलं न्हाई, वर आपलंच पाणी बाटलीत भरून घेतलं. आज पाणी नेतीय, उद्या भांडी नेईल." तू पिठाच्या हातानं उठून मधल्या दारात आलीस आणि बराच वेळ तिच्याकडं बघत राहिलीस. मग हळूच म्हणालीस, "मला तर बरी वाटतीय गं. लेकरू हाय संगं. ऱ्हाऊ दे की एक दीस." मी तोंड वाकडं केलं. "तूच शिकवलंस आणि आता तूच मोडतीस व्हय?" तू माझ्याकडं बघितलंस आणि तुझा आवाजच पडला. "जागा न्हाई वो बाई," तू तिला म्हणालीस, "दोनी खोल्या भरल्यात." डाव्या हाताची खोली सताड उघडी होती. घडी घातलेल्या वाकळा ओसरीवरून दिसत होत्या. तिनंही बघितल्या. "व्हय का," एवढंच म्हणाली, पोरीला सावरलं आणि उन्हात चालायला लागली.

दुपारभर तुझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. उन्हं उतरल्यावर तू तांब्यात दूध घेऊन तिला शोधायला निघालीस. एसटी स्टँडवरच्या चहावाल्यानं सांगितलं की ती पोरीला घेऊन लिंबाखाली बसली होती. पोर तापानं फणफणलेली, मग तिला आकडी आली आणि कुणीतरी दोघींना ट्रकमध्ये बसवून कोपरगावला दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी तू कोपरगाव पालथं घातलंस. अशी बाई आल्याचं कुणालाच ठाऊक नव्हतं. ती पोर वाचली का गेली, हे आपल्याला कधीच कळलं नाही.

चहावाल्याकडून परत आलीस तेव्हा तू मला विचारलंस, "ताप भरल्यालं लेकरू दारात हुतं आन् मला दिसलं कसं न्हाई? तुला कळलं हुतं का गं?" मी म्हणाले, "न्हाई." त्यानंतर तू कुणालाही पाणी देऊन पारखलं नाहीस. येईल त्याला खोली दिलीस. दोन माणसांनी तुला चांगलंच गंडवलं, तरी तू चिडली नाहीस. "माझी नजर मेली," एवढंच म्हणायचीस.

पुढं मला पाथर्डीकडच्या एका गावात शाळा मिळाली. तिथं घरमालकीण प्यायल्यावर उरलेलं पाणी परत कळशीत ओतायची. मी सवयीनं फुलपात्र विसळायला लागले तर माझा हात धरून म्हणाली, "बाई, प्यायाचं पानी मातीत घालता व्हय?" सुट्टीला आले तेव्हा मी तुला हे सांगितलं. वाटलं, तुझा जीव हलका होईल. तू परात बाजूला सारून रडलीस आणि मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत बसले. लाज वाटायला हवी होती मला.

कारण आई, फुलपात्र ही सबब होती. पोर पाणी प्यायला पुढं झाली तेव्हा तिची बोटं माझ्या हाताला लागली होती. तव्यासारखी तापलेली. आदल्याच आठवड्यात एका आजारी पाहुण्यानं वाकळा घाण केल्या होत्या आणि त्या धुताना मला मळमळून आलं होतं. पुन्हा तसलं काम नको, एवढंच माझ्या मनात आलं. तापाचं कळलं असतं तर तू तिला ठेवून घेतलंच असतंस, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून ओसरीवरून चुलीपाशी येईपर्यंत मी दुसरं कारण शोधलं. तुझी नजर काही मेली नव्हती गं. ती बाई तुला बरी वाटली होती, आणि ती बरीच होती.

शेवटच्या आजारात तू पुन्हा एकदा विचारलंस, "तुला खरंच कळलं न्हवतं ना?" मी तुझ्या तोंडात पेज घालत होते. तेव्हाही मी "न्हाई" म्हणाले. आणि आज लिहितेय तेही तू नाहीस म्हणून. असतीस तर लिहिलं नसतं.