कड्यावरचा नेचा

३ मार्च
चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. या ओल्या कड्यावर मी रोज सात तास बसते. नेच्याचे अकरा गड्डे मोजले. वीस वर्षांत तो दुसरीकडे कुठे सापडला नाही. पानांच्या पाठीवर बीजाणूंचे ठिपके धरलेत, पण अजून हिरवे. ते पिकून तपकिरी व्हायला दहा दिवस तरी हवेत, मग पेरून रोपं करता येतील. शेजारच्या कपारीत जांभळी फुलं आलीत, प्रत्येकात दोनच पुंकेसर. एरवी त्यावर तुझं डोकं खाल्लं असतं. खाणवाले नऊ तारखेला कडा उडवणार म्हणे, आणि सुरुंग लावायला शहरातून तू येणार. थोडे दिवस मिळव रे. गेल्या वर्षी उपटून नेलेले दोन गड्डे आठवड्यात मेले.
माया आहेच, ती आता कामी येऊ दे.
तुझी ताई

६ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि. साहेबांच्या हातापाया पडलो. गवतासाठी खाण बंद ठेवू का, म्हणाले. बारा तारखेपर्यंत मुदत मिळाली. पुढचं माझ्या हातात नाही. आई लिहिते, गेल्या भेटीत तुझी हाडं मोजता येत होती. नेच्याआधी तूच वाळशील.
रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.
तुझा धाकटा

१३ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि. काल पहाटे तुझ्या खोलीवर आलो, तर तू तापाने ग्लानीत. मग मीच दोर बांधून कड्यावर उतरलो. नीट उजाडलं नव्हतं. तपकिरी ठिपक्यांची पानं कापली, ती सोबत पाठवतो. दहा वाजता मी बटण दाबायला नकार दिला, दुसऱ्याने दाबलं. कडा बसला. मला उद्यापासून येऊ नको म्हणालेत. त्याचं काही नाही. पानं बरोबर आहेत ना, एवढं कळव.
तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
धाकटा

१५ मार्च
ती. आईस,
शि. सा. न. वि. वि. ताप उतरला. धाकट्याची पानं भिंगाखाली तीनदा पाहिली. माझ्या नेच्याच्या देठावर लव असते. हे देठ गुळगुळीत आहेत. हा साधा नेचा, कुठल्याही विहिरीत उगवतो. तेवढ्या उजेडात मीही फसले असते. काल कड्याचा चुरा नखं फुटेपर्यंत उपसला. काही उरलं नाही, आई.
धाकट्याला लिहिलं, "पानं बरोबर आहेत." त्याच्याशी पहिल्यांदाच खोटं बोलले. आता तो दर पत्रात विचारेल, रोप आलं का. काय सांगू, ते तू कळव. 
तुझ्या कुशीत जागा असू दे.
तुझी थोरली